कृत्रिम गुडघा: दोन वर्षांच्या वापरानंतर

उजव्या गुडघ्याची संपूर्ण सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झाली. वरचा भाग कोबाल्ट-क्रोमचा, खालची तबकडी टायटॅनियमची आणि मध्ये पॉलिइथिलीनची गादी. हाडं एकमेकांवर घासण्याची ती रात्रीची ठणक गेली, पहिल्या महिन्यातच गेली. एवढ्यासाठीच मी हा सांधा पुन्हा बसवून घेईन.

पण काही गोष्टी आधी कोणी नीट सांगितल्या नव्हत्या. जिना उतरताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा तो आवाज. दुखत नसेल तर काळजीचं कारण नसतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा अजून बधिर आहे, कारण छेद घेताना तिथली बारीक नस कापली जाते. गुडघे टेकून बसणं मला अजूनही नको वाटतं. आणि पहिले सहा आठवडे व्यायाम करताना मी अक्षरशः रडले. गुडघा वाकायला लागला तो त्या व्यायामामुळेच.

टिकाऊपणाचं म्हणाल तर स्वीडनने १९७५पासून गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. अशाच नोंदींवर आधारलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संपूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. हा आकडा वाचूनच मी होकार दिला. सांध्याचं मॉडेल आणि लॉट क्रमांक लिहिलेलं कार्ड मात्र मागून घ्या. मला ते तीनदा मागावं लागलं.