एक घराणं, दोन चर्चं: लँकेशायरच्या कॅथॉलिक नोंदींबरोबर आठ महिने

मी मूळची वसईची. लग्न होऊन प्रेस्टनजवळ राहायला आले त्याला आता अकरा वर्षं झाली. सासूबाई इथल्याच, लँकेशायरच्या. "आमच्या घरानं धर्म कधी सोडला नाही," हे वाक्य त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं. गेल्या नोव्हेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या घरातच होत्या. एकदा म्हणाल्या, आजीच्या माहेरचं काही सापडतंय का बघ. तेव्हापासून जुलैपर्यंत मी याच कामात आहे. एका मोठ्या वेबसाइटचं सहा महिन्यांचं सशुल्क सदस्यत्व, दोन-तीन फुकटच्या साइट आणि प्रेस्टनच्या लँकेशायर अर्काइव्ह्जमध्ये सात-आठ चकरा, एवढ्या वापरावरून हे लिहिते आहे.

माझे पहिले दोन महिने वाया गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. इंग्लंडमधला कॅथॉलिक पूर्वज शोधायचा तर फक्त कॅथॉलिक चर्चच्या वह्या उघडून भागत नाही. १७५३ साली तिथं लग्नाचा नवा कायदा झाला आणि मार्च १७५४ पासून तो लागू झाला. क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडले तर बाकी सगळ्यांनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चमध्येच लग्न करायचं, नाहीतर कायद्याच्या लेखी ते लग्नच नाही. हे १८३७ पर्यंत चाललं. म्हणजे कॅथॉलिक जोडपं आपल्या धर्मगुरूपुढे लग्न करायचं ते देवासाठी, आणि अँग्लिकन चर्चमध्ये जाऊन सही करायचं ते सरकारसाठी. धर्मगुरूनं ते लिहून ठेवलंच असेल असं नाही. मी मात्र डिसेंबर-जानेवारीत एक लग्न कॅथॉलिक वह्यांतच शोधत बसले होते. शेवटी ते सापडलं अँग्लिकन रजिस्टरात, १८१९ सालच्या पानावर. नवऱ्याच्या नावापुढे फुली, नवरीच्या नावापुढे फुली आणि खाली दोन साक्षीदार. त्यातल्या एकाचं नाव पाहून मला वाटलं की हा घरातलाच कुणी. पण पुढची दहा पानं चाळली तर तोच माणूस प्रत्येक लग्नाला साक्षीदार! चर्चचा कारकून होता तो. साक्षीदारांची नावं उतरवून घेण्याआधी मागची-पुढची पानं जरूर बघा.

आता नोंदींबद्दल. अँग्लिकन धर्मग्रामांना (पॅरिशना) नोंदवही ठेवायचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या काळातला. कॅथॉलिकांच्या वह्या मात्र अठराव्या शतकाच्या मध्याआधीच्या फारच थोड्या मिळतात. कारण उघड आहे. तेव्हा इंग्लंडात कॅथॉलिक उपासनेवर बंदी होती. मिस्सा (कॅथॉलिकांची मुख्य उपासना) करणं हाच गुन्हा असेल, तर मिस्साला आलेल्यांची यादी कोण लिहून ठेवणार? १५८१ नंतर अँग्लिकन उपासनेला न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड होता, तोही विणकर-शेतमजुरांच्या देशात. १७७८ आणि १७९१ च्या कायद्यांनी हात थोडे मोकळे झाले आणि वह्या दिसू लागतात त्या साधारण त्याच सुमाराला. प्रेस्टनमधलं जेझुइट या कॅथॉलिक संघाचं सेंट विल्फ्रिड चर्च १७९३ चं आहे. जवळच्या ब्रिंडलला बेनेडिक्टाइन या दुसऱ्या संघाचे धर्मगुरू होते.

आणखी एक गोष्ट मला वसईची असल्यामुळे उशिरा कळली. आमच्याकडे गाव, धर्मग्राम, चर्च हे सगळं एकमेकांत बांधलेलं. इथं १८५० मध्ये बिशपांची व्यवस्था परत येईपर्यंत कॅथॉलिकांना धर्मप्रांत नव्हते, आणि त्यानंतरही बरीच वर्षं धर्मग्राम नव्हते, 'मिशन' होती. मिशनला पक्की हद्द नसे. धर्मगुरू जिथं असेल तिथं लोक मैलोन्‌मैल चालत जायचे. म्हणून गावाचं नाव टाकून शोधू नका. नकाशावर गावाभोवती सात-आठ मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यात येणारी सगळी मिशन तपासा. मला हवं असलेलं बाळ घरापासून तिसऱ्या मिशनमध्ये निघालं.

सशुल्क साइटबद्दल माझं मत संमिश्र आहे. पानांचे फोटो उत्तम, मोठे करून वाचता येतात. घरी सोफ्यावर बसून दोनशे वर्षांपूर्वीची शाई बघायला मिळते, त्यासाठी पैसे दिले याचं दुःख नाही. पण अनुक्रमणिका ज्यांनी केली त्यांना लॅटिन येत नसावं. सासूबाईंच्या पणजोबांच्या बहिणीची नोंद मला फेब्रुवारीत सापडली, तीही अपघातानं. साइटनं आईचं माहेरचं आडनाव 'ओलिम' असं दिलं होतं आणि बापाचं नाव 'जाकोबी'. मूळ पानावर धर्मगुरूनं लिहिलेलं असं (आडनावं गाळते): दिए ४ मार्तिई १८२४ नाता एत दिए ७ मार्तिई बाप्तिझाता फुइत मारिया, फिलिया याकोबी एत आन्ने, ओलिम अमुकतमुक, कोंजुगुम. म्हणजे ४ मार्चला जन्मलेल्या आणि ७ मार्चला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या मारियाचे आईबाप जेम्स आणि अ‍ॅन, आणि 'ओलिम' म्हणजे पूर्वीची. लग्नाआधीची! आडनाव त्याच्या पुढच्या शब्दात होतं. मी साइटला दुरुस्ती कळवली, दोनदा कळवली. अजून 'ओलिम'च आहे. त्या मिशनमधल्या किती बायका तिथं ओलिम आडनावानं अडकून पडल्या असतील, याचा मला मनापासून राग येतो. दीडशे वर्षं इथल्या धर्मगुरूंनी बाईचं माहेर न चुकता लिहून ठेवलं आणि आपण ते एका शब्दापायी घालवायचं!

लॅटिन नावांची सवय लवकर होते. याकोबुस म्हणजे जेम्स (जेकब समजू नका, माझा एक आठवडा त्यात गेला). गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, कारोलुस म्हणजे चार्ल्स, एजिडिउस म्हणजे जाइल्स. बापाचं नाव षष्ठीत येतं म्हणून याकोबुसचं याकोबी, गुलिएल्मुसचं गुलिएल्मी होतं. शोधताना पहिली तीन-चार अक्षरंच टाका.

फुकटच्या साइटपैकी मी सर्वांत जास्त वापरली ती लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स. स्वयंसेवक मूळ वह्या बसून उतरवतात आणि सगळ्यांना खुल्या करतात. अँग्लिकन आणि कॅथॉलिक दोन्ही एकाच ठिकाणी शोधता येतात, आणि माझ्या कामाच्या नोंदींत माहेरचं आडनाव, धर्मपिता, धर्ममाता (स्नानसंस्काराला बाळासाठी उभे राहणारे गॉडफादर-गॉडमदर) यांचे रकाने नीट भरलेले होते. सगळी मिशन त्यात नाहीत, पण सुरुवात इथूनच करा, पैसे नंतर भरा. फॅमिलीसर्चही फुकट आहे. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. तिची जनरल रजिस्टर ऑफिसची ऑनलाइन अनुक्रमणिका अगदी पहिल्या वर्षापासून आईचं माहेरचं आडनाव दाखवते, तेही आपल्या कामाचं आहे.

पण खरा खजिना म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता. वह्यांत 'पात्रिनुस' आणि 'मात्रिना'. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं सगळं काम यावर तरलं. १८२० च्या सुमाराला त्याच भागात, त्याच आडनावाची, जेम्स आणि अ‍ॅन अशी दोन जोडपी होती. दोघंही विणकर. दोघांनाही दर दोन वर्षांनी मूल. काही नोंदींत माहेरचं आडनाव शाईच्या डागाखाली गेलेलं. कुठलं मूल कुणाचं? मी दोन्ही घरांची मिळून अकरा मुलं एका कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याचे धर्मपिता-धर्ममाता. तासाभरात कागद आपोआप दोन भागांत पडला. एका घरात अ‍ॅनच्या माहेरची माणसं पुन्हापुन्हा येत होती, आज भाऊ, दोन वर्षांनी बहीण. दुसऱ्या घरात शेजारचं एक कुटुंब. आमच्या वसईच्या घरीही थोरल्या मुलाला काका आणि मावशीच उभ्या राहिल्या, त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही. जनगणनेत माणसाबरोबर एका छपराखाली कोण राहतं एवढंच दिसतं. त्याच्या अडीअडचणीला कोण धावायचं, ते या दोन शब्दांत कळतं.

वसईचा आणखी एक उपयोग झाला. माझ्या लग्नाच्या वेळी इथल्या फादरनी माझा स्नानसंस्काराचा नवा दाखला मागितला होता, सहा महिन्यांच्या आतला. जुना चालणार नाही, कारण समासात लग्नाची नोंद असेल तर ती दिसायला हवी. समासात लग्न नोंदवायची ही पद्धत १९०८ पासूनची आहे. म्हणून सासूबाईंच्या मोठ्या मावशीच्या स्नानसंस्काराचं पान मिळालं तेव्हा मी आधी समास पाहिला. तिथं बारीक अक्षरात तिचं लग्न, साल आणि चर्च. ते चर्च लिव्हरपूलचं होतं! घरात कुणालाच माहीत नव्हतं. विसाव्या शतकातल्या वह्या बऱ्याचदा अजून चर्चकडेच असतात आणि जिवंत माणसांच्या माहितीमुळे सहज दाखवत नाहीत. कार्यालयाला पत्र लिहा, नातं स्पष्ट सांगा, छोटी देणगी पाठवा आणि धीर धरा. मला एका ठिकाणहून उत्तर यायला अकरा आठवडे लागले, पण आलं तेव्हा पूर्ण आलं.

लंडनमध्ये शोधणाऱ्यांचं नशीब वेगळं आहे. तिथं बंदीच्या काळातही परदेशी वकिलातींच्या चॅपलमध्ये मिस्सा होत असे, सार्डिनियाच्या, पोर्तुगालच्या, बव्हेरियाच्या. पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथरीन, जिच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या लग्नाच्या करारात १६६१ साली आपली मुंबई इंग्रजांना मिळाली, तिच्या राजचॅपलमधल्या लग्नांच्या नोंदीही टिकून आहेत. मुंबई गेली तरी वसई आणखी ७८ वर्षं पोर्तुगीजांकडेच राहिली. ते छापील पान वाचताना मला घरची फार आठवण आली.

मृत्यूच्या नोंदींत फारशी आशा ठेवू नका. कॅथॉलिकांना बहुधा अँग्लिकन चर्चच्या आवारातच पुरत, त्यामुळे पुन्हा त्याच वह्या. कधी पुढे 'पॅपिस्ट' (पोपला मानणारा, म्हणजे कॅथॉलिक) लिहिलेलं सापडतं, कधी काहीच नाही. नवऱ्याच्या वडिलांकडची बाजू आयर्लंडहून दुष्काळात आलेली, तिथल्या कॅथॉलिक वह्यांचे फोटो आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट ठेवलेत, पण मूळ धर्मग्रामाचं नाव हाती नसेल तर त्यांचा उपयोग नाही. माझ्या हाती ते नाही.

मागे जाताना माझी शेवटची पायरी १७६७ ची यादी. हाउस ऑफ लॉर्ड्सनं देशभरातल्या कॅथॉलिकांची गणना मागवली होती, ती छापून आली आहे. वय, धंदा, किती वर्षांपासून राहतो, सगळं आहे. नावं मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. आमच्या गावाच्या यादीत योग्य वयाचे विणकर चार. त्यातला आपला कोण, हे मी ठरवू शकत नाही आणि उगाच एकाला आपला म्हणणारही नाही.

सदस्यत्व मी पुढे चालू ठेवलं नाही. जे फोटो हवे होते ते उतरवून घेतले. अर्काइव्ह्जचं तिकीट मात्र ठेवलंय.

मारियाच्या नोंदीचा मोठा प्रिंट काढून मी सासूबाईंना दिला. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. त्यांनी चष्मा लावला आणि ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, कुठंही न अडखळता. मग पानावर बोट ठेवून विचारलं, "ही मात्रिना कोण?" तिचं आडनाव मला अजून दुसऱ्या कुठल्याच पानावर सापडलेलं नाही.