स्कोमरच्या बिळांसाठी फोनचा एंडोस्कोप: घ्यावा का?

गॅरेजवाले इंजिनात घालून बघतात तोच हा केबलच्या टोकावरचा कॅमेरा, किंमत दीड-दोन हजारांच्या आसपास. वेल्समधल्या स्कोमर बेटावर पफिन आणि मँक्स शिअरवॉटर हे दोन्ही समुद्रपक्षी बिळात अंडी घालतात, म्हणून तिथे पक्ष्यांच्या उन्हाळी कामाला निघालेली मुलं हमखास तो विकत घेतात. घ्यावा, पण अपेक्षा बेताची ठेवून.

मुख्य अडचण फोकसची. बहुतेक स्वस्त मॉडेलचा फोकस 3 ते 10 सेंटीमीटरवर पक्का बसवलेला असतो. हातभर आत बसलेला पक्षी धूसर दिसतो. पक्षी आहे की ससा (हो, तेही त्याच बिळांत राहतात) एवढं कळतं, पण अंडं बहुधा दिसत नाही, कारण ते पक्ष्याच्या पोटाखाली असतं. तेव्हा वहीत 'पक्षी आहे' एवढंच लिहा, 'अंडं आहे' नको. अंडं बघायला म्हणून पक्ष्याला ढोसू तर अजिबात नका. उबवणीच्या सुरुवातीला त्रास झाला तर शिअरवॉटर अंडं टाकून जाऊ शकतो, आणि जोडीचं वर्षाला अंडं एकच.

वायफायवाल्यापेक्षा थेट फोनला जोडायचा घ्या. वायफायवाल्याची बॅटरी वेगळी सांभाळावी लागते, आणि बेटावर चार्जिंग जपून करावं लागतं. मात्र फोन त्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप चालवतो का, ते घरीच तपासा. केबल अर्धकडकच हवी. मऊ केबल पहिल्याच वळणावर दुमडते. दोन मीटर पुरे. टोक जमिनीवरून सरकताना माती खातं, म्हणून लेन्सच्या मागे केबल टाय बांधून शेपटं खाली ठेवा, म्हणजे टोक थोडं उचललेलं राहतं. काच धुरकटते ती थंड कॅमेरा दमट, उबदार बिळात गेल्यामुळे. आत घालण्याआधी चार-पाच मिनिटं कॅमेऱ्याचा दिवा चालू ठेवा, काच थोडी तापते. नंतर दिवा सर्वांत मंद करा आणि त्यावर लाल जिलेटिन कागद चिकटवा. दर बिळानंतर टोक जंतुनाशकाने पुसा.

मोजणीला मात्र हा कॅमेरा चालत नाही. वळणदार बिळात तो टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पक्षी दिसला नाही म्हणजे बीळ रिकामं असं होत नाही. तिथे बिळाच्या तोंडाशी ध्वनिमुद्रित हाक वाजवून उत्तर ऐकण्याची पद्धतच बरी. तीतही सगळे पक्षी उत्तर देत नाहीत, म्हणून आलेल्या आकड्याला दुरुस्ती-गुणक (गप्प राहिलेले पक्षी धरण्यासाठी ज्याने गुणायचं तो आकडा) लावावा लागतो.

बेटावर परवानगी काढूनच जा, आणि कॅमेरा घालताना बिळाच्या छतावर गुडघा टेकू नका. माती पोकळ आहे, खचते. खचलीच तर आतली माती हाताने काढून भोकावर सपाट दगड ठेवा, वर गवताची ढेकळं लावा. एक कॅमेरा जास्तीचा न्या. खारी हवा आधी जोडणीची पिन खाते, लेन्स नंतर.