घरी काडतुसे भरण्याची यंत्रे: ली, आरसीबीएस, हॉर्नडी आणि डिलन यांची पारख

अमेरिकेत नेमबाजीच्या क्लबात नियमित जाऊ लागलेल्या माणसाला एक-दोन हंगामांत प्रश्न पडतो, की मैदानावर पडणाऱ्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भराव्यात का, आणि भरायच्या तर कोणते सामान घ्यावे. या सामानाची बहुतेक परीक्षणे तासाला किती काडतुसे निघतात या एकाच आकड्याभोवती फिरतात. माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत निरुपयोगी आकडा तोच आहे. पावडर पडल्यानंतर आणि गोळी बसण्याआधी पुंगळीच्या आत डोकावून पाहता येते का, आणि आपल्या तराजूवर आपला विश्वास आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत आणि मगच यंत्राचा रंग, म्हणजे कंपनी, ठरवावी.

खरेदीआधी कायद्याचे पाहून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. ती विकण्याचा व्यवसाय करायचा असेल तर मात्र लागतो. आपल्या लोकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एच-१बी किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच नव्हे, तर काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, परंतु ती वकिलाला विचारूनच गृहीत धरावी. ग्रीनकार्डधारकांना ही आडकाठी नाही. भारतात दारूगोळा तयार करण्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. त्यामुळे हे परीक्षण वाचून पुण्यातल्या गॅलरीत असे यंत्र बसवण्याचा विचार कोणी करू नये.

दुसरा प्रश्न पैशांचा. पिस्तुलाची ९ एमएमची कारखान्यात भरलेली काडतुसे इतक्या मोठ्या प्रमाणावर बनतात, की घरी भरून त्यात फारसे वाचत नाही, आणि त्यात आपला वेळ धरला तर तोटाच होतो. रिव्हॉल्व्हरची .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट किंवा रायफलीने अचूक नेमबाजी करण्यासाठीचे .३०८ विंचेस्टर यांचे गणित वेगळे आहे. तिथे तयार काडतूस महाग असते आणि पितळी पुंगळी, म्हणजे त्यातला सर्वांत महाग भाग, पुन्हा पुन्हा वापरता येतो. २०२० नंतरच्या टंचाईत प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसणाऱ्या आणि पावडर पेटवणाऱ्या लहान टोप्या, मिळेनासे झाले आणि मिळाले तेव्हा त्यांचे भाव कितीतरी वाढलेले होते. तेव्हापासून 'यंत्राची किंमत वर्षभरात वसूल होते' हे दुकानदारांचे पालुपद मी मनावर घेत नाही. शिवाय पावडर आणि प्रायमर टपालाने मागवल्यास धोकादायक मालाचे वेगळे शुल्क पडते, म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून एकदाच मागणी नोंदवणे शहाणपणाचे ठरते.

आता तराजू. परीक्षणांत तो शेवटी, उरल्यासुरल्या सामानाबरोबर येतो. मी त्याला पहिला मान देतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि पौंडात ७,००० ग्रेन असतात. आपल्या जुन्या सराफी मापात सांगायचे तर ग्रेन म्हणजे सुमारे अर्धी गुंज. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनांचा ठरवला, आणि योगायोग असा, की .३०-०६ या रायफलीच्या काडतुसात शिकारीसाठी सर्रास वापरली जाणारी १८० ग्रेनांची गोळी बरोबर तोळाभर भरते. तराजूकडून अपेक्षा एक दशांश ग्रेनाची असते, म्हणजे गुंजेच्या विसाव्या भागाची. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत एकूण पावडरच चार-पाच ग्रेन जात असेल, तर अर्ध्या ग्रेनाची चूक ही दहा टक्क्यांची चूक असते.

दांडीचा तराजू आणि इलेक्ट्रॉनिक तराजू यांपैकी पहिली खरेदी म्हणून मी दांडीचाच सुचवीन. त्याला चुंबकाचा लगाम असल्याने दांडी लवकर स्थिरावते, त्याला बॅटरी लागत नाही, आणि टेबल सपाट असेल तर वीस वर्षांनीही तो तेच वजन सांगतो. ली कंपनीचा लहान तराजू स्वस्त आणि अचूक आहे, पण त्याची क्षमता सुमारे शंभर ग्रेनांपुरतीच असते, आणि त्याच्यावरील बारीक रेघा वाचताना चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यांना त्रास होतो. आरसीबीएसचे दांडीचे तराजू महाग असले तरी ठळक वाचता येतात. स्वस्त इलेक्ट्रॉनिक तराजूंबद्दल माझे मत चांगले नाही. एका अनामिक बनावटीचा तराजू माझ्याकडे होता. छताचा पंखा सुरू होताच त्याचा आकडा हलू लागे आणि तासाभराने रिकाम्या पारड्यालाही वजन येई. इलेक्ट्रॉनिकच घ्यायचा असेल तर तो वापरण्याआधी चांगला तापू द्यावा, सोबत प्रमाणित वजनांचा लहान संच घ्यावा आणि दर बैठकीच्या आरंभी व अखेरीस तो तपासावा.

प्रेसकडे वळू. प्रेस म्हणजे तरफेने दट्ट्या वर ढकलणारे मजबूत यंत्र. वरच्या बाजूला डाय, म्हणजे पुंगळीला माप देणारा किंवा गोळी बसवणारा पोलादी साचा, आट्यांनी बसते. हे आटे बहुतेक कंपन्यांनी सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला चौदा आटे या एकाच मापाचे ठेवले असल्याने एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये निमूट बसते. हे ध्यानात ठेवले तर 'सगळे एकाच कंपनीचे घ्या' या सल्ल्यातून सुटका होते. डिलनची स्क्वेअर डील बी ही प्रेस मात्र अपवाद आहे. तिला तिच्याच खास डाय लागतात, आणि केवळ त्या कारणासाठी मी ती नवख्याला सुचवत नाही.

एकेरी प्रेसमध्ये आरसीबीएसची रॉक चकर सुप्रीम हे सर्वांत परिचित नाव आहे. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात उभी केलेली ही कंपनी, आणि तिची ही हिरवी, बिडाची, जाडजूड प्रेस. .३०-०६ सारखी लांब, झाडल्यावर फुगलेली पुंगळी पुन्हा मूळ मापात आणताना हातावर जो भार येतो, तो ही प्रेस सहज पेलते. टेबल हलते, पण प्रेस हलत नाही. तिच्यात एका वेळी एकच डाय बसते. म्हणून शंभर पुंगळ्यांचे एक काम पुरे करायचे, डाय बदलायची, मग दुसरे काम धरायचे. हे कंटाळवाणे आहे, आणि नवख्यासाठी तोच तिचा गुण आहे. पावडर भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या राहतात, टॉर्च तिरका धरून ओळीने पाहत गेले की सगळ्यांतली पावडर एकाच पातळीवर दिसते, आणि एखादी रिकामी किंवा दुप्पट भरलेली असेल तर ती लगेच डोळ्यांत भरते. रायफलीसाठी यापेक्षा वेगळ्या यंत्राची गरज मला कधी वाटलेली नाही. या प्रेसबद्दल तक्रार एकच, की जुने प्रायमर थाळीबाहेर उडून जमिनीवर लोळतात. लीच्या क्लासिक कास्ट प्रेसमध्ये ते पोकळ दट्ट्यातून नळीवाटे खाली जातात; ती स्वस्त आहे आणि कामाला रॉक चकरपेक्षा फारशी कमी नाही.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरसाठी माझी शिफारस लीची क्लासिक टरेट ही आहे. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्ड गावची ही कंपनी लाकडी हातोडीने ठोकून काडतूस भरण्याचा 'ली लोडर' घेऊन १९५८ मध्ये पुढे आली, आणि स्वस्त म्हणजे कुचकामी असा तिच्याविषयीचा ग्रह अजून पुसला गेलेला नाही. टरेटमध्ये वरच्या फिरत्या चकतीत चार डाय बसतात. पुंगळी खाली एकाच जागी राहते, दर खेपेला पीळ दिलेला चौकोनी दांडा चकती फिरवतो, आणि चार वेळा तरफ ओढली की एक काडतूस पुरे होते. पिळाचा दांडा काढून ठेवला की तीच प्रेस एकेरी होते. शिकताना पहिले काही महिने ती तशीच वापरावी. पूर्ण वेगात तासाला दीडशे ते दोनशे काडतुसे निघतात, आणि दर काडतुसाला गोळी ठेवण्याच्या क्षणी पुंगळी नजरेसमोर असते. त्यासाठी प्रेसवर लहानसा एलईडी दिवा लावावा लागतो. तो कंपनीने सोबतच द्यायला हवा होता. दुसऱ्या मापाचे काडतूस भरायचे तर डाय लावून ठेवलेली पूर्ण चकती उचलून दुसरी बसवता येते, आणि एकदा जुळवलेली डाय पुन्हा जुळवावी लागत नाही. लांब रायफल पुंगळ्यांना मात्र ही प्रेस बेताचीच. तिची चकती थोडी हलते, आणि हात अडखळत ओढला तर पीळ मध्येच अडकतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रेडिंग कंपनीची सात डायची टी-७ या बाबतीत भक्कम आहे, पण तिची चकती हाताने फिरवायची आणि किंमतही बरीच मोजायची.

प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये एका ओढीत सगळी कामे एकदम चालतात आणि दर ओढीला एक काडतूस बाहेर पडते. ॲरिझोनातल्या डिलनची निळी आरएल ५५० आणि एक्सएल ७५०, आणि नेब्रास्कातल्या हॉर्नडीची लाल लॉक-एन-लोड एपी ही त्यातली मोठी नावे. ५५० मध्ये डाय बसवायच्या चार जागा आहेत आणि पुंगळ्या धरणारी खालची चकती हाताने फिरवावी लागते. गती आपल्या ताब्यात राहते हा तिचा फायदा, आणि लक्ष विचलित होऊन चकती फिरवायची राहिली तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडू शकते हा तोटा. ७५० आणि हॉर्नडीच्या प्रेसमध्ये चकती आपोआप फिरते आणि पाचवी जागा असल्याने पावडरची पातळी तपासणारी डाय बसवता येते. ती जागा दुसऱ्या कशासाठी वापरू नये. दर आठवड्याला स्पर्धेत दोनशे फैरी झाडणाऱ्याने डिलन जरूर घ्यावी. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने ती घेणे म्हणजे लग्नघरचे पातेले दोघांच्या भातासाठी चुलीवर चढवण्यासारखे आहे.

डायबद्दल थोडक्यात सांगतो. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइडच्या डाय घ्याव्यात, म्हणजे वंगण लावावे लागत नाही. मान असलेल्या रायफल पुंगळ्यांना वंगण अनिवार्य आहे. त्यात हयगय झाली तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते. लीच्या संचात पुंगळीचे बूड धरणारा शेलहोल्डर सोबत मिळतो, इतरांचा बहुधा वेगळा घ्यावा लागतो. पावडर मापणारे यंत्र आकारमानाने मापते, वजनाने नव्हे, म्हणून दाणेदार गोल पावडर त्यातून एकसारखी पडते, तर आयएमआर ४८९५ सारखी काड्यांची पावडर पडताना कुरकुरते, काड्या तुटतात आणि माप थोडे हलते. अशा वेळी मापातून किंचित कमी टाकून उरलेले तराजूवर चिमटीने पुरे करावे.

प्रायमर बसवण्यासाठी प्रेसवरची सोय असतेच, पण हाताचे वेगळे साधन घेण्यासारखे आहे. अंगठ्याखाली प्रायमर खोबणीत सरकतो, किंचित विरोध करतो आणि मग तळाला टेकतो, तो स्पर्श लांब तरफेतून कळत नाही. बसवल्यावर पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवावे. प्रायमर पृष्ठभागाच्या किंचित आत लागला पाहिजे, वर आलेला नाही. एखाद्या पुंगळीत तो फारच सैलपणे गेला तर तिची खोबण ताणली गेली आहे असे समजून ती बाजूला टाकावी.

सहा इंची कॅलिपर आणि चुकीचे काडतूस उकलण्याचा हातोडा ही ऐच्छिक खरेदी नव्हे. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, आणि दर वेळी मापात आणताना पितळ पुढे सरकत असल्याने ती मोजावीच लागते. लायमन, हॉर्नडी यांसारख्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांपैकी किमान दोन घरी असावीत, आणि पावडरचे माप त्यांतूनच, तेही सुरुवातीच्या आकड्यापासून घ्यावे, रेंजवरच्या ओळखीच्या माणसाकडून नव्हे.

पुंगळ्या निवडताना आत दिवा धरून पाहावे. तळाशी मधोमध एक छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, भरता येण्याजोगी. दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची, आणि तिच्यातला प्रायमर साध्या पिनेने निघत नाही. गंमत अशी, की बॉक्सर हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि बर्डन हा अमेरिकन, पण पद्धती मात्र अदलाबदल होऊन रूढ झाल्या. जुन्या लष्करी मालात कधी कधी 'केएफ' ठशाच्या .३०३ पुंगळ्या हाती येतात. हा ठसा आपल्या खडकीचा, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याचा. कितीही आपुलकी वाटली तरी त्यांना दोन छिद्रे असतात, म्हणून त्या कपाटात ठेवाव्यात, प्रेसवर नव्हे.

पुंगळ्या स्वच्छ करण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुसा वापरणारे कोरडे यंत्र स्वस्त असते, पण त्याची धूळ शिशाची असते, कारण बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. लहान मुले असलेल्या घरात पाणी आणि पोलादी काड्यांचे ओले यंत्रच घ्यावे, आणि तेही स्वयंपाकघराच्या सिंकपासून दूर ठेवावे. साठवणीबाबत अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानक राहत्या घरात मूळ डब्यांतील २० पौंडांपर्यंत स्मोकलेस (कमी धुराची) पावडर आणि १०,००० प्रायमर मान्य करते. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा उघडा असावा.

जुन्या बाजारात रॉक चकर हा हमखास चांगला सौदा आहे. आटे झिजलेले नाहीत, दट्ट्या डगमगत नाही आणि तरफ वाकलेली नाही एवढे पाहून ती निर्धास्त घ्यावी. जुनी डिलन ५५० घेतली तरी कंपनी सुटे भाग देताना मूळ मालक कोण हे विचारत बसत नाही, म्हणून तिची किंमत जुन्या बाजारातही फारशी उतरत नाही. तराजू मात्र जुना घेताना प्रमाणित वजने खिशात घेऊन जावे. आणि अनेक विक्रेते सामानासोबत पावडरचा उघडलेला डबा किंवा स्वतः भरलेली काडतुसे मोफत देऊ करतात. ती दोन्ही नम्रपणे नाकारावीत, कारण डब्यावरचे लेबल आणि आतली पावडर एकच आहे याची खात्री करून घेण्याचे कोणतेही साधन घरी नसते.