भाड्याच्या घरात काय करावं: साडीचे पडदे, गोधडी की वारली चित्र?

करार अकरा महिन्यांचा, भिंतीला खिळा ठोकायची मनाई, आणि दिवाणही मालकांचाच. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. अशा घरात स्वतःच्या हातानं काही करायचं तर तीन गोष्टी तपासाव्यात. भिंतीला धक्का लागतो का? पुढच्या घरात ते आपल्याबरोबर येईल का? आणि पावसाळ्यात टिकेल का?

भिंतीला चिकटवायचे वॉलपेपर आणि स्टिकर पहिल्याच कसोटीत मागे पडतात. भिंतीवरून तळहात फिरवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वर डिस्टेंपर आहे. त्यावर चिकटवलेलं काही नीट टिकत नाही, आणि टिकलंच तर काढताना रंगाचे पापुद्रे घेऊन निघतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की त्या कागदामागे बुरशी धरते. मग डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले जातात. म्हणून मी ते या तुलनेत धरलेलंच नाही. राहिले तीन पर्याय.

साडीचे पडदे

घर सर्वांत लवकर बदलतं ते पडद्यांनी, कारण खोलीत येणारा उजेडच बदलतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याची असते. तिच्यातून दाराच्या उंचीचे दोन पडदे निघतात, किंवा पाच फूट उंच खिडकीसाठी तीन. कापड लांबीच्या दिशेनं उभं लावलं की काठ आपोआप दोन्ही बाजूंना उभे येतात आणि पडद्याला वेगळी किनार लावावी लागत नाही. चार फूट रुंद खिडकीला दोन पडदे लावले तर चुण्याही छान पडतात.

साडी सुतीच घ्या, आणि कापण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्या. रेशमी साडी खिडकीत लावू नका. उन्हानं रेशीम विरतं, आणि आजीची पैठणी अशी संपवू नये. पश्चिमेच्या खिडकीत गडद रंग लवकर विटतात, तिथे मागून मांजरपाटाचं अस्तर लावलं तर ऊन अडतं आणि साडीही जास्त टिकते.

राहिला प्रश्न लटकवण्याचा. आधीच्या भाडेकरूच्या दांड्या जागेवर असतील तर काहीच करायला नको. नसतील तर खिडकीच्या ग्रॅनाइटच्या चौकटीत स्प्रिंगची दांडी ताणून बसवता येते. तिची रबरी टोकं गुळगुळीत दगडावर पक्की धरतात, रंगवलेल्या भिंतीवर मात्र घसरतात. जाड पडदा तिला पेलवत नाही. साधी सुती साडी पेलवते.

शिलाई मशीन असेल तर हे एका सुट्टीचं काम आहे, नसेल तर कोपऱ्यावरचा टेलर करून देतो. उणीव एकच: पुढच्या घराची खिडकी याच मापाची असेल असं नाही. म्हणून खालची दुमड चांगली वीतभर ठेवा, म्हणजे उसवून पडदा लांब करता येईल.

गोधडी

तिन्हींतलं माझं सर्वांत आवडतं काम हेच, आणि सर्वांत वेळखाऊही हेच. तीन-चार थर जुन्या सुती साड्यांचे, कडेनं कच्चा टाका, मग बोटभर अंतरानं धावदोरा. पलंगाच्या मापाची गोधडी रोज तासभर बसलं तरी महिन्याच्या वर जाते. पहिल्यांदा करणाऱ्यानं तीन फूट बाय चार फुटांची घ्यावी. मांडीवर मावते, आणि अर्धवट गुंडाळून ठेवली तरी डोळ्यांत खुपत नाही.

भिंतीशी हिचा काही संबंधच येत नाही. मालकांच्या दिवाणावर टाकली की तो दिवाण आपला होतो. घर बदलताना भांड्यांभोवती गुंडाळूनही नेता येते. लहान गावातून नोकरीसाठी आलेल्यांना मी आवर्जून हीच सुचवीन, कारण आईची साडी, बाबांचं धोतर, बाळाचं दुपटं हे सगळं एका कापडात येतं आणि रोज वापरात राहतं. कपाटात जपून ठेवलेली साडी हे करू शकत नाही.

अडचण धुण्याची. भिजलेली गोधडी फार जड होते. गावाकडे नवरात्राआधी सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतात, त्यामागे हेही कारण आहे की तोवर पाऊस ओसरू लागतो आणि कडक ऊन मिळतं. फ्लॅटच्या बाल्कनीत जुलैमध्ये धुतली तर आतल्या थरांना कुबट वास येणारच. थर तीनच ठेवा, पावसाआधी धुऊन घ्या, आणि पावसाळाभर नुसती पंख्याखाली पसरत जा.

वारली चित्र

खर्च सर्वांत कमी. मांजरपाट, गेरू, पांढरा ॲक्रिलिक रंग, बारीक कुंचला, एवढंच लागतं. गेरूत थोडं फेव्हिकॉल घालून कापडावर दोन हात द्या, नाहीतर हाताला लाल लागत राहतं. परंपरेत पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ वापरतात, पण बंद, दमट फ्लॅटमध्ये त्याला बुरशी लागते. इथे ॲक्रिलिकच बरा.

ही डहाणू, तलासरी, जव्हार पट्ट्यातल्या वारली समाजाची कला आहे. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र, लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागद-कापडावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पण चौक हा लग्नविधीचा भाग आहे, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: देवीचा चौक शोभेसाठी उतरवू नका. त्रिकोणांची माणसं घेऊन आपला जिना, आपली लोकल, आपली भाजीवाली काढा. आणि अस्सल चौक घरात हवाच असेल तर वारली चित्रकाराकडून विकत घ्या.

चित्र टांगू नका, टेकवा. हार्डबोर्डवर ताणलेलं कापड चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या बाजूला उभं केलं की खिळ्याचा प्रश्न मिटतो. फक्त ओलीच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. तरी हेही सांगायला हवं की एका चित्रानं खोली फारशी बदलत नाही. मुलांबरोबर दुपार घालवायची असेल तर याच्यासारखं दुसरं काम नाही, पण घर ओकंओकं वाटतंय ही तक्रार याने जात नाही.

मग निवड कशी करावी?

नुकतेच राहायला आला असाल तर पडदे आधी. त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवा, आणि करार नोंदवलेला आहे ना हे पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. वर्षभरात पुन्हा हलायचं हे नक्की असेल तर पडद्यांवर वेळ घालवू नका, गोधडी घ्या. तिला खिडकीचं माप लागत नाही. घरात मूल असेल तर चित्रही होऊ द्या.

पडदे आणि गोधडी दोन्ही करायचं असेल तर पडदे आधी शिवा. दाराच्या उंचीचे दोन पडदे निघाल्यावर साडीचा हातभर पदर उरतो. तो गोधडीच्या वरच्या थराला मधोमध लावा आणि धावदोऱ्याची पहिली ओळ त्याच्या काठालगत घाला.