धारूळच्या शैलगुहांची सहल : पाहिले पुष्कळ, सांगितले थोडे

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा आटोपल्यावर, गेल्या डिसेंबरात, मी आणि माझी नात सातपुड्यातील चित्रित शैलगुहा दाखवणाऱ्या एका सहल-सेवेबरोबर अमरावती जिल्ह्यातील मोर्शीहून जाऊन आलो. माणशी आठशे रुपयांत जीप, वाटाड्या आणि दुपारचे जेवण मिळते. जीप वेळेवर आली आणि पातोडीचा रस्सा झणझणीत होता. त्याविषयी तक्रार नाही.

धारूळ मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडत असले, तरी आमच्यासाठी ते अंगणातच आहे. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांनी २००७ साली येथील चित्रे उजेडात आणली. गुहा म्हटले की डोळ्यांपुढे भुयार येते. येथे मात्र वालुकाश्माचे पुढे झुकलेले छत आहे, ज्याखाली पाऊस येत नाही, ऊन येते आणि समोरचे रान बसल्याजागी दिसते. शिकारीवर जगणाऱ्या माणसाने काळोखात न शिरता अशा तोंडाशीच बिऱ्हाड का मांडले असेल, हे तिथे पाच मिनिटे उकिडवे बसले की उमगते.

वाटाड्याने मात्र बसू दिले नाही. भिंतीवरचा एकेक प्राणी दाखवून तो पुढे चालू लागे. "पण दादा, हे लोक खात काय होते?" या नातीच्या प्रश्नाला "शिकार" एवढेच उत्तर मिळाले. वस्तुतः अशा आडोशांमध्ये चित्रांइतकाच बोलका पुरावा पायांखालच्या मातीत असतो : चुलीची राख, फोडलेली हाडे आणि दगडाच्या कपच्या. मध्याश्मयुगातील, म्हणजे शेती येण्याआधीच्या शिकारी काळातील, माणूस अकीक, गारगोटी यांसारख्या दगडांपासून नखाएवढी पाती काढून ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकासारख्या चिकट द्रव्याने ओळीने बसवत असे. एक पाते तुटले की तेवढेच बदलायचे, हत्यार टाकायचे नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे तर उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, म्हणजे पोटापाण्याच्या खटाटोपातही नटण्याची हौस होती. यातले चार शब्द जरी वाटाड्याला शिकवले असते, तरी आठशे रुपये वसूल झाले असते.

खरी नाराजी पुढे आहे. एका फिकट लाल आकृतीपाशी त्याने बाटली उघडली आणि भिंतीवर पाणी शिंपडले. "काका, पाणी मारलं का चित्र कसं झळकते पाहा!" चित्र झळकले हे खरे, आणि सहा मोबाइल एकदम वर झाले हेही खरे. परंतु ओल्या कातळातून क्षार वर येतात, वाळताना चित्रावर त्यांचा पांढुरका थर धरतो, आणि हजारो वर्षे टिकलेला गेरू हळूहळू त्याआड जातो. फ्रान्समधील लास्को येथील गुहा १९४० साली सापडली आणि प्रेक्षकांच्या नुसत्या श्वासाने भिंती बिघडू लागल्यामुळे १९६३ साली बंद करावी लागली. इथे तर आपण बाटली घेऊन उभे आहोत.

पायांना सवय असेल, तर हिवाळ्यात अवश्य जावे. दोन ठिकाणी चढ उभा आहे आणि चपलेचे काम नाही. आयोजकांना मी बाटलीचा प्रकार कळवला. तो बंद केल्याचा निरोप आला आहे. खरे-खोटे फेब्रुवारीत पुन्हा जाऊन पाहीन.