एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी : छोट्या देशाने विकायला काढलेला कारभार

जेमतेम १३ लाख वस्तीच्या एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये परदेशी व्यक्तींसाठी ई-रेसिडेन्सी ही सेवा सुरू केली. ती घेणाऱ्याला नागरिकत्व मिळत नाही, त्या देशात राहण्याचा किंवा पाऊल ठेवण्याचा हक्कही मिळत नाही. मिळते ती सरकारने पडताळून दिलेली डिजिटल ओळख आणि तिच्या आधारे युरोपीय संघात कंपनी काढून ती कुठूनही चालवण्याची सोय. रशियाच्या सीमेला लागून असलेल्या, मोठी बाजारपेठ किंवा मोठे सैन्य नसलेल्या देशाने जगाला विकावे तरी काय, या प्रश्नाला एस्टोनियाने आपला कारभारच पुढे केला, आणि सल्लागारीच्या माझ्या छोट्या कंपनीसाठी ही सेवा वापरताना हा माल अस्सल आहे असेच माझे मत झाले आहे.

अर्ज ऑनलाइन होतो, तिथले पोलीस व सीमारक्षक खाते पार्श्वभूमी तपासते, आणि नंतर ठरलेल्या केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. हाती पडते ते छायाचित्र नसलेले एक कार्ड, ते वाचणारे छोटे उपकरण आणि पिनचे बंद पाकीट. पहिला, चार आकडी पिन ओळख पटवण्यासाठी आणि दुसरा, किमान पाच आकडी, फक्त सही करण्यासाठी. ही विभागणी क्षुल्लक वाटते. पण करारनाम्यावर सही करताना हात आपोआप थबकतो, कारण दुसरा पिन टाकला की ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच बंधनकारक ठरते. डिजिडॉक या प्रणालीत फाइल ओढून टाकायची, पिन द्यायचा, की सही आणि वेळेची नोंद घेऊन ती बंद होते. छापणे नाही, स्कॅन नाही, कुरिअर नाही.

या सहीचे खरे मोल मात्र एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये ठरत नाही. युरोपीय संघाचे डिजिटल ओळखीविषयीचे नियम जुलै २०१६ पासून लागू झाले, आणि अशी सही संघातल्या प्रत्येक देशाला मान्य करावी लागते. म्हणजे एस्टोनिया स्वतःची शिस्त विकतो, पण तिला बाजारपेठ मिळते ती संघाच्या आकाराची. यात मला उणेपणा वाटत नाही. छोट्याने आपला वजनकाटा काटेकोर ठेवावा आणि बाजार मोठ्याचा वापरावा, हा हिशेब चोख आहे.

काटा किती काटेकोर आहे, हे संकटात दिसले. एप्रिल २००७ मध्ये सोव्हिएत काळातील सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून वाद पेटला आणि बँका, वृत्तपत्रे व मंत्रालये यांच्या संकेतस्थळांवर सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी नाटोचे सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये उभे राहिले. पुढे, देशाचा भूभागच हातचा गेला तरी सरकार चालावे म्हणून महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमधील ‘डेटा दूतावासात’ ठेवण्याचा करार २०१७ मध्ये झाला. त्याच वर्षी कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला. साडेसात लाखांच्या आसपास कार्डे बाधित होती. सरकारने सप्टेंबरमध्ये ते जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये अद्ययावत न केलेल्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली. दोष लपवण्याचा मोह कोणत्याही सरकारला झाला असता, आणि लपवला असता तर हा माल तिथेच संपला असता.

सर्वांत कमकुवत दुवा बँकेचा. कार्ड सरकार देते, खाते देण्याचे बंधन मात्र बँकेवर नाही. एका बँकेने माझ्याकडून कागदपत्रे मागवून घेतली, आठवडाभर ताटकळत ठेवले आणि कारण न देता नकार कळवला. अखेर खाते एका ऑनलाइन वित्तसंस्थेत उघडले. या सावधपणाला पार्श्वभूमी आहे: डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे व्यवहार झाले आणि त्यांतील बराच भाग संशयास्पद ठरला. मोठ्या देशात एका शाखेचा घोटाळा त्या बँकेपुरता राहतो. इथे तो देशाच्या नावाला चिकटतो. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांकडून या सेवेचे अर्ज घेणे बंद करणे, हेही त्याच नावाची राखण करणे होते.

कराबाबत गैरसमज नको. कंपनीत राखून ठेवलेल्या नफ्यावर कर नाही, लाभांश काढला की २०२५ पासून २२ टक्के दर लागतो. पण मालक जिथे राहतो तिथली करदेयता जशीच्या तशी उरते. संचालक परदेशात असतील तर एस्टोनियात संपर्क व्यक्ती नेमावी लागते, वार्षिक अहवाल द्यावा लागतो, आणि लेखापालाचा खर्च दरमहा सुरूच राहतो. युरोपीय ग्राहकांना नियमित बिले पाठवणाऱ्याला हा खर्च परवडतो. वर्षाला दोन बिले काढणाऱ्याने किंवा कर चुकवण्याची आशा धरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

कार्डाची मुदत पाच वर्षांची. माझी संपत आली आहे, आणि पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा केंद्रापर्यंतचा प्रवास हे सगळे जमेस धरूनही मी नव्याने अर्ज भरायला घेतला आहे.