झायलिटॉलचं च्युइंगगम: वेष्टन वाचूनच घ्या

वर ‘शुगर-फ्री’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. घटकांच्या यादीत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) पहिलं हवं. सॉर्बिटॉल (असाच दुसरा गोड पदार्थ) त्याच्या आधी असेल तर झायलिटॉल बहुधा नावापुरतंच. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स जिवाणूंना झायलिटॉल आंबवता येत नाही, म्हणून आम्ल तयार होत नाही. पण बरंचसं श्रेय चघळण्यालाही द्यावं लागेल: लाळ सुटते, तोंडातलं आम्ल निवळतं. त्यामुळे जेवल्याबरोबर 10 ते 20 मिनिटं चघळा. दिवसभरात मिळून 5-6 ग्रॅम झायलिटॉल पुरे. अति झालं तर जुलाब ठरलेले. फळांच्या चवीत बऱ्याचदा सायट्रिक आम्ल असतं, त्यापेक्षा पुदिना बरा. फ्लोराइडच्या टूथपेस्टला हा पर्याय नाही, जोड आहे. घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा. त्याच्यासाठी झायलिटॉल विष आहे.